बाटलीवर लिहिलंय ‘सर्वांसाठी’

संत्र्याला लिंग असतं का? मराठी व्याकरणात असतं. पुस्तकात ‘ते संत्रं’, आमच्या वऱ्हाडात ‘तो संत्रा’. मोसंबी ती, लिंबू ते. वास तो, दुर्गंधी ती, अत्तर ते. या वाटपामागे तर्क शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. भाषेला सोय हवी होती, तिने ती केली. आपणही ती पाळतो आणि संत्रा सोलताना व्याकरण विसरून जातो.

परफ्यूमच्या दुकानात हे विसरता येत नाही. एका बाजूला काळ्या-निळ्या चौकोनी बाटल्या, दुसऱ्या बाजूला गुलाबी-सोनेरी गोलाकार. हल्ली मधे एक छोटा कप्पा असतो, ‘युनिसेक्स’. मी वापरते तो परफ्यूम या मधल्या कप्प्यातला. फवारला की आधी संत्र्याच्या सालीत नख खुपसल्यासारखा वास येतो, मग लिंबाचा आंबटपणा, आणि थोड्या वेळाने खालून वेलदोडा, जायफळ, किंचित मिरी. जाहिरात म्हणते की हा सुगंध स्त्री-पुरुष ही रेषा पुसून टाकतो.

मी अकोल्याची. इंजिनिअरिंग अमरावतीत झालं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. एखादं प्रॉडक्ट अमुकतमुक करतं असं कुणी म्हटलं की ते तपासून बघायची सवय नोकरीने लावलीय. तर हा दावाही तपासू. वास रेषा पुसतो का? आणि मुळात ती रेषा असते कुठे?

आधी बाटलीच्या आत बघू. संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग एकाच पदार्थाचा असतो. त्याचं नाव लिमोनीन. दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, बस. रेणू लहान आणि हलका, म्हणून पटकन उडतो. लिंबू-संत्र्याचे वास सगळ्यात आधी येतात आणि सगळ्यात आधी निघून जातात ते यामुळेच. लिनालूल नावाचा आणखी एक रेणू घ्या. तो लव्हेंडरमध्ये असतो, धण्यांत असतो, बर्गमॉट नावाच्या आंबट फळाच्या सालीत असतो. पुरुषांच्या आफ्टरशेव्हमध्ये लव्हेंडर म्हणून तोच येतो आणि बायकांच्या फुलांच्या परफ्यूममध्येही तोच. रेणूला आपण कुठल्या कप्प्यात बसलोय हे ठाऊक नसतं.

मग नाकात बघू. माणसाच्या नाकात वास ओळखणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राहकं असतात. ही यंत्रणा कशी चालते ते शोधल्याबद्दल रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. माणसामाणसांच्या नाकांत फरक असतात, आणि चांगले मोठे असतात. पुरुषाच्या घामात सापडणारा अ‍ॅन्ड्रोस्टेनोन नावाचा एक रेणू आहे. काहींना त्याचा वास लघवीसारखा उग्र वाटतो, काहींना गोडसर, काहींना येतच नाही. २००७ मध्ये संशोधकांनी दाखवलं की हा फरक बऱ्याच अंशी एका ग्राहकाच्या जनुकावर ठरतो. म्हणजे तो वास तुम्हाला कसा लागेल हे तुम्ही बाई आहात की बुवा एवढ्यावरून सांगता येत नाही. नाकातही दुकानासारखे दोन कप्पे नाहीत.

उरलं लेबल. लेबलची गंमत आम्हा वऱ्हाडी माणसांना नवी नाही. वरूड-मोर्शीच्या बागांतला संत्रा देशभर ‘नागपूर संत्रा’ म्हणून विकला जातो. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेही याच नावाने. झाडाचं तर आणखी वेगळं. वरूड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत जाऊन बघा. खाली जंभेरीचा खुंट असतो आणि त्यावर संत्र्याचा डोळा बांधलेला. मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं, नाव तिसऱ्याचं. संत्र्याची गोडी यातल्या कशानेही कमी होत नाही.

परफ्यूमची लेबलंही अशीच फिरत आलीत. १७०९ मध्ये योहान मारिया फरिना या इटालियन माणसाच्या घराण्याने जर्मनीतल्या कोलोन शहरात दुकान काढलं. त्याचं संत्रा-लिंबू-बर्गमॉटचं पाणी पुढे ‘ओ द कोलोन’ म्हणून जगभर गेलं. ते बायका लावायच्या, पुरुषही लावायचे. नेपोलियन तर ते अंगावर ओतायचा. बऱ्याच घरांत बाबांच्या दाढीच्या डब्यात असणारं ओल्ड स्पाइस आठवा. हे नाव १९३७ साली आधी बायकांच्या प्रसाधनांवर आलं. पुरुषांसाठीची मालिका १९३८ मध्ये निघाली, आणि पुढे मिरी-लवंगेचा वास म्हणजे बाप असं समीकरण पक्कं झालं. १९९४ मध्ये केल्विन क्लाइनचा ‘सीके वन’ आला. अल्बर्तो मोरियास आणि हॅरी फ्रेमाँ यांनी बनवलेला, लिंबू, बर्गमॉट, वेलदोडा, जायफळ वगैरे असलेला, दोघांसाठी एकच बाटली. ही मोठी क्रांती म्हणून गाजली. खरं तर फरिनाच्या काळी जे साधंच होतं, ते मधल्या काळात वाटून टाकलं गेलं आणि मग एकत्र करून पुन्हा विकलं गेलं.

आपल्याकडचं याहून जुनं आहे. साधारण तिसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या ‘कामसूत्रा’त शहरी रसिक पुरुषाच्या खोलीचं वर्णन आहे. त्याच्या बिछान्याजवळ काय काय असावं याची यादी दिलीय. त्यात उटी आहे, फुलांच्या माळा आहेत, सुगंधी द्रव्यांची पेटी आहे, विड्याची पानं आहेत आणि महाळुंगाची साल आहे. महाळुंग म्हणजे लिंबाच्याच कुळातलं जाड सालीचं फळ. आंबट साल आणि मसालेदार विडा! माझ्या बाटलीतला ‘नवा’ मेळ त्या बुवाच्या उशाशी ठेवलेला होता.

आणि अत्तर तर अजूनही आहे. अकोल्यातल्या एका अत्तराच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा चाचांनी माझ्या हाताच्या पाठीवर काचेची काडी टेकवली आणि विचारलं, “उन्हाळ्यासाठी की थंडीसाठी?” उन्हाळ्यात खस, गुलाब, मोगरा. थंडीत हिना आणि शमामा, कारण ते गरम मानतात. अत्तराचे कप्पे ऋतूंचे असतात. जुम्म्याच्या नमाजाला निघालेला दाढीवाला माणूस गुलाबाचा फाया कानात ठेवतो तेव्हा त्याला कुणी ‘बायकी’ म्हणत नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून पंढरपूरला जाते. त्या वाटेवर कपाळाला लागणारा सुगंधी बुक्का बाई-माणूस बघून लावला जात नाही.

इथवर आलं की ‘बघा, आपल्याकडे सगळं आधीच होतं’ असं म्हणून लेख संपवायचा मोह होतो. तो आवरायला हवा. कारण त्या अत्तराच्या दुकानात मी उभी होते त्या अर्ध्या तासात आलेली सगळी गिऱ्हाइकं पुरुष होती, आणि प्रत्येकाने माझ्याकडे एकदा वळून बघितलं. वासाला लिंग नव्हतं. दुकानाच्या पायरीला होतं.

आता मधल्या कप्प्याकडे परत येऊ. त्यातल्या बाटल्या एकेक करून हुंगा. बहुतेकींमध्ये लिंबू-संत्रं, ग्रीन टी, समुद्र, लाकूड, मसाले असेच वास सापडतील. नुसता दाट मोगरा किंवा हलव्यासारखा गोड वास ‘सर्वांसाठी’ म्हणून क्वचितच मिळतो. लिंबू चालतं कारण त्याचा वास साबणासारखा स्वच्छ आहे, त्यातून कुणाबद्दल काहीच कळत नाही. कपड्यांत असंच झालं. मुलींनी जीन्स घातली तेव्हा जीन्स युनिसेक्स झाली. मुलांनी साडी नेसली नाही, म्हणून साडी बायकांचीच राहिली. ‘रेषा पुसली’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा बायकांना पुरुषांच्या अंगणात यायची परवानगी मिळालेली असते. उलटी वाट बंदच असते, कारण पुरुषाने बायकी होणं ही आपल्याकडे पायरी उतरणं मानली जाते. ‘बायल्या’ ही शिवी आहे. मुलीला कुणी ‘मर्दानी’ म्हटलं तर तो कौतुकाचा शब्द असतो. या दोन शब्दांच्या वजनात जो फरक आहे, तो कुठलाही परफ्यूम भरून काढत नाही.

पण यापेक्षाही सरळ तपासणी आमच्या घरातच होऊन गेली. दिवाळीला मी अकोल्याला जाते तेव्हा माझी बाटली माझा धाकटा भाऊही वापरतो. दोघांचे कपडे वेगळे, पण वास अगदी तोच. तो जिन्यातून खाली उतरला की शेजारचे काका म्हणतात, “काय गा बाबू, आज तं लय मस्त वास येऊन राह्यला!” मी उतरले की त्यांच्याच घरातली काकू विचारते, “कुठी चालली वं येवढं सेंट मारून?”

आमच्या कामात एकच इनपुट देऊन दोन वेगळी उत्तरं आली, तर इनपुटमध्ये चूक शोधत नाहीत. मधे काय बसलंय ते बघतात. इथे मधे एक समजूत बसलीय. पुरुषाचा सुगंध हा त्याचा शौक असतो, बाईचा सुगंध हा कुणाला तरी धाडलेला निरोप असतो. भावाला मिळालं ते वासाबद्दलचं वाक्य. मला मिळाला तो माझ्याबद्दलचा प्रश्न. कुठे, कुणासाठी, कधी परत येणार हे सगळं त्या एका ‘कुठी’मध्ये आहे.

याच समजुतीची दुसरी बाजू पुरुषांच्या डिओच्या जाहिरातींत दिसते. त्यांत सुगंध हे सावज पकडायचं जाळं असतं. त्याने फवारलं की तिने ओढलं जायचं. जून २०२२ मध्ये एका बॉडी स्प्रेच्या जाहिराती इतक्या थराला गेल्या की केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला त्या ट्विटर आणि यूट्यूबवरून काढायला सांगावं लागलं. त्याच्या अंगावरचा सुगंध तिला खेचणार, आणि तिच्या अंगावरचा सुगंध म्हणजे तिने दिलेलं आमंत्रण. दोन्हीकडे तिला स्वतःला वास आवडला एवढं कारण पुरेसं धरलेलं नाही.

हे सांगताना माझ्या आजीला बाजूला ठेवता येत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवात आमच्याकडे बायकांच्या मनगटाला अत्तर लावतात आणि अंगावर गुलाबपाणी शिंपडतात. आजोबा गेल्यापासून आजी त्या दिवशी आतल्या खोलीत बसते. तिला कुणी बस म्हणत नाही, ती आपणहून बसते. म्हणजे सुगंधाची रेषा फक्त बाई आणि पुरुष यांच्यातच नाही. सवाष्ण आणि विधवा यांच्यातही आहे, आणि ती बाईच बाईला दाखवते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ती बातमी मी आजीला वाचून दाखवली होती. तिने ऐकून घेतली, बोलली काही नाही. एका संध्याकाळी मी माझी बाटली तिच्यापुढे धरली तेव्हा म्हणाली, “मले कायले पायजे आता हे?” मग थोड्या वेळाने म्हणाली, “आतल्या बाजूनं लाव. पदराले.” तिला वास हवा होता. वासाबद्दल येणारा प्रश्न नको होता.

उलट्या वाटेने गेलेलं एक माणूस आमच्याच मातीत होऊन गेलं. गुलाबराव महाराज, १८८१ ते १९१५, अमरावती जिल्ह्यातले. चांदूर बाजार तालुक्यातलं माधान हे त्यांचं गाव, संत्र्याच्याच पट्ट्यातलं. तान्हेपणी दृष्टी गेली, तरी चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून जास्त ग्रंथ रचले. लग्न झालेलं होतं, संसार होता. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवत आणि कृष्णाची पत्नी मानत. त्या भावात ते कुंकू लावत, मंगळसूत्र घालत, वेणी घालत. आपल्या समाजाने बाईची म्हणून जी चिन्हं ठरवली, ती एका पुरुषाने उघडपणे अंगावर घेतली. ज्या खुणा जगाने बघायच्या असतात त्या त्याला स्वतःला दिसतही नव्हत्या. त्यांच्या भक्तीला आजचा कुठला शब्द चिकटवायचा मला अधिकार नाही, आणि गरजही वाटत नाही. मला दिसतं ते एवढंच की वऱ्हाडाने त्यांना महाराज म्हटलं. म्हणजे रेषा ओलांडलेल्या माणसापुढे आदराने वाकणं आपल्याला जमतं.

पण कोणासाठी जमतं? पुण्याहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत अकोला ते बडनेरा या टप्प्यात मी किती तरी वेळा बघितलंय. टाळी वाजली की डब्यात माना खाली जातात, मोबाइल वर येतात. कुणी दहा रुपये देतं. आशीर्वाद हवा म्हणून काही जण देत असतील, बहुतेकांना ती व्यक्ती लवकर पुढे जायला हवी असते. गजरा, कुंकू, उग्र सेंट हे सगळं तिच्या अंगावरही असतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण ठरवायचा हक्क असल्याचा निकाल दिला. त्या डब्यात तो निकाल पोचलेला दिसत नाही. ज्यांच्यासाठी ही रेषा म्हणजे रोजचं जगणं आहे, त्यांच्याकडून आपण नजर काढून घेतो. आणि हजारभर रुपयांच्या बाटलीवर ‘रेषा पुसणारा सुगंध’ असं वाचलं की आपण स्वतःला पुढारलेले समजतो. माझ्या बॅगेत तीच बाटली असते, आणि मला हे टोचतं.

कुणी म्हणेल, एका परफ्यूमवर केवढं ओझं टाकतेस! छान वास आला, संपलं. शिवाय बाईने मोगरा लावावा, बुवाने चंदन लावावं, यात सौंदर्य आहे. सगळंच लिंबासारखं एकसुरी करून टाकायचं का? या आक्षेपातली दुसरी बाजू मला पटते. मला मोगरा हवा आहे, भरपूर हवा आहे. माझं म्हणणं मोगरा काढून टाका असं नाही. तो ज्याला हवा त्याला मिळावा, आणि मिळाल्यावर त्याला खुलासा द्यावा लागू नये. वेगळेपण राहू द्या, पहारा नको.

आणखी एक आक्षेप जास्त अवघड आहे. काकू किंवा आई ‘कुठे चाललीस’ म्हणते ते काळजीपोटी, रस्ते सुरक्षित नाहीत म्हणून. ही काळजी खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण काळजीचा प्रश्न ‘किती वाजता येशील’ असा असतो, आणि तो रात्री बाइकवर बाहेर पडणाऱ्या माझ्या भावालाही विचारता येतो. त्यात सेंटचं काय काम? वासावरून सुरू झालेला प्रश्न काळजीचा कमी आणि हिशेबाचा जास्त असतो.

तर तपासणीचा निकाल असा की रेषा रसायनात सापडली नाही, नाकात नाही, आणि इतिहासात ती सारखी सरकत आलीय. ती सापडली आपण एकमेकांना विचारतो त्या प्रश्नांत. म्हणून ती पुसायचं काम बाटलीला झेपणारं नाही. ते फुकटात होणारं आहे आणि म्हणूनच अवघड आहे.

त्यासाठी मी एक साधी युक्ती वापरते. कुणाच्या वासाबद्दल, कपड्यांबद्दल, गजऱ्याबद्दल काही बोलावंसं वाटलं की मनातल्या मनात समोरचं माणूस बदलून बघते. भावाच्या जागी बहीण, सवाष्णीच्या जागी आजी, महाराजांच्या जागी डब्यात टाळी वाजवणारी ती. माणूस बदलल्यावर वाक्य तेच राहिलं तर खुशाल बोलावं. वाक्य बदललं तर तोंड मिटावं आणि ते का बदललं याचा विचार करावा.

‘छान वास येतोय’ हे वाक्य या परीक्षेत नेहमी पास होतं. त्याच्या पुढे प्रश्नचिन्ह लावायची गरज नसते.